रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके का वाजतात?

वडिलांकडे एक जुनी कार्बोरेटरवाली गाडी होती. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढेपर्यंत ती मुकाट चालायची. माथा ओलांडून सुरूरच्या बाजूचा उतार लागला, वडिलांनी रेस सोडली, की मागून सुरू: फट्... फट्फट्... ठो! मागच्या सीटवर डुलकी घेणारी आजी दर वेळी दचकून 'अगं बाई!' म्हणायची आणि दर वेळी वडील 'काही नाही, गाडी खोकतेय' असं सांगायचे. शेवटी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "उतारावर फुटते ना? मग हवा घेतेय," एवढंच म्हणाले आणि गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले.

मला ते उत्तर तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. फुटतं ते पेट्रोल. रेस सोडली म्हणजे पेट्रोल कमी केलं. मग कमी पेट्रोलवर आवाज जास्त कसा? आणि हवा घ्यायची ती इंजिनाने पुढून. मिस्त्री गाडीखाली धुराच्या नळीपाशी काय शोधत होते?

पहिली चूक माझ्या गृहीतकातच होती. पेट्रोल गाडीत रेसच्या पेडलने आपण पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर एक गोल पातळ झडप असते, ती म्हणजे थ्रॉटल. पाय दाबला की ती उघडते, पाय काढला की मिटते. आत किती हवा आली त्या मानाने तिच्यात पेट्रोल मिसळलं जातं. हे काम जुन्या गाडीत कार्बोरेटर करायचा, आता कॉम्प्युटर करतो. प्रमाण साधारण १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. पेट्रोल याहून जास्त झालं तर मिक्स्चर रिच, कमी झालं तर लीन.

हे मिश्रण सिलिंडरमध्ये येतं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, ते जळतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. सगळा मामला विलक्षण घाईचा. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर पिस्टनला वरून खाली यायला फक्त १० मिलिसेकंद मिळतात. जळायलाही थोडा वेळ लागतोच, म्हणून पिस्टन पूर्ण वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकतात. यालाच गॅरेजात टायमिंग म्हणतात. सगळं जमून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडेपर्यंत पेट्रोल संपलेलं असतं आणि नळीत जातो तो नुसता जळका, गरम वायू. तो कितीही तापलेला असो, त्यात जळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणजे नळीत फटाका वाजायचा असेल तर तीन गोष्टी तिथे एकत्र याव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, ऑक्सिजन आणि उष्णता. उष्णतेची ददात नाही. पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेट घ्यायला अडीचशे ते पावणेतीनशे अंश सेल्सियस पुरतात आणि जोरात चाललेल्या गाडीच्या एक्झॉस्टमधला वायू सात-आठशे अंशांच्या घरात असतो. प्रश्न उरतो पेट्रोल आणि ऑक्सिजनचा. रेस सोडल्यावर हे दोघं तिथे पोचतात कसे?

उतारावर काय होतं ते बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवताहेत, इंजिन तीन हजारांवर गरगरतंय. पण पाय काढल्यामुळे थ्रॉटल मिटलेली. नाक दाबून धरलेल्या माणसाने जोरजोरात श्वास घ्यायचा प्रयत्न करावा तशी इंजिनाची अवस्था होते. थ्रॉटलच्या पलीकडे, सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या पाव भागाच्या आसपास उतरतो. या जबरदस्त ओढीने कार्बोरेटरमधल्या आयडलिंगच्या (रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवण्याच्या) बारीक भोकांतून पेट्रोल ओढलं जातंच. शिवाय मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतींवर पेट्रोलचा ओला थर बसलेला असतो. दाब पडला की तो एकदम वाफ होऊन सुटतो आणि सिलिंडरकडे धावतो. पेट्रोल आहे, हवा मात्र चिमूटभर.

त्यातही एक मेख आहे. सिलिंडरमध्ये नवं मिश्रण इतकं थोडं येतं की आधीच्या खेपेचा जळका वायू त्यात मोठा वाटा अडवून बसतो. जळक्या वायूत ज्योत पसरत नाही. प्लग ठिणगी टाकतो, पण ज्योत एक तर धरतच नाही किंवा अर्ध्या वाटेत विझते. गाडी 'मिसिंग मारते'. आणि मिसिंग मारलेल्या खेपेतून नुसतं पेट्रोलच नाही, त्याच्या वाट्याची हवाही न वापरता नळीत जाते. फटाक्याची दारू आणि हवा, दोन्ही एकाच पुडीत.

चुलीवर स्वयंपाक पाहिलेल्यांना यापुढचं समजवायला नको. सरपण ओलं असलं की चूल धुमसते. धूर कोंडत राहतो, आग काही दिसत नाही. मग आजी फुंकणी घेऊन एक फुंकर मारते आणि भप्पकन सगळं एकदम पेटतं. तो धूर म्हणजे न जळलेलं इंधनच, फक्त हवेची वाट बघत थांबलेलं. एक्झॉस्टच्या नळीत हेच घडतं. पुढच्या एखाद्या खेपेला ज्योत धरते, व्हॉल्व्ह उघडताना तिची जीभ नळीत येते, किंवा नळीची तापलेली भिंतच पुरते. साठलेलं सगळं एका झटक्यात पेटतं. ठो!

आता मिस्त्रींची 'हवा'. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्यामागून ओढ येते, लाटेमागे पाणी मागे सरकतं तशी. इंजिनावर भार असतो तेव्हा बाहेर जाणारा लोंढा इतका दांडगा असतो की सांध्यात बारीक फट असली तर तिथून वायू बाहेरच फुसफुसतो. रेस सोडली की लोंढा मंदावतो, ओढीला जोर येतो आणि त्याच फटीतून बाहेरची ताजी हवा आत खेचली जाते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातली जळलेली गॅस्केट (फट बुजवणारी चकती), नळीला पडलेली चीर, ढिला क्लॅम्प, यांतलं काहीही असो, ती फट फुंकणीचं काम करते. म्हणून ते बॉनेट न उघडता खाली शिरले. ते शोधत होते सांध्यावरचा काजळीचा काळा ओघळ. फट तिथेच असते.

एक बारकावा, कारण यात बरेच जण फसतात. असे फटाके म्हणजे नेहमी 'पेट्रोल जास्त जातंय' असं नाही. जुन्या मोटरसायकलीत बऱ्याचदा उलटं असतं. आयडलिंगचं मिश्रण लीन झालेलं असतं, त्यामुळे रेस सोडल्यावर ज्योत धरत नाही आणि न जळलेलं सगळं बाहेर पडतं. अशा वेळी मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रण किंचित रिच करतो आणि फटफट थांबते. पेट्रोल वाढवून फटाके बंद!

आपण सगळे याला बॅकफायर म्हणतो. काटेकोरपणे बॅकफायर म्हणजे उलट्या दिशेने, कार्बोरेटरकडे उडालेला भडका. मागे नळीत होतो तो आफ्टरफायर. पण गॅरेजात 'आफ्टरफायर' म्हणून बघा, समोरचा चहाचा ग्लास खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसेल.

कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या, गाड्या आल्या आणि हे प्रकरण खरं तर तिथेच मिटायला हवं होतं. कॉम्प्युटरला कळतं की पाय पेडलवरून निघालाय, इंजिन मात्र दोन-तीन हजारांवर फिरतंय. म्हणजे गाडीला आत्ता ताकद नकोच आहे. मग तो इंजेक्टर सरळ बंद करतो. पेट्रोल शून्य. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, नळीतून नुसती हवा जाते. वेग उतरून आरपीएम आयडलिंगच्या जवळ आले की इंजेक्टर पुन्हा सुरू. पेट्रोल नाही, तर फुटणार काय?

जाता जाता: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून 'पेट्रोल वाचवणारे' काका आपल्याकडे घरटी एक आहेत. इंजेक्शनच्या गाडीत हिशेब नेमका उलटा आहे. गिअरमध्ये रेस सोडून उतरलात तर पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलीत तर चाकांचा आधार सुटतो आणि इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर. कार्बोरेटरच्या काळातही हे धोक्याचंच होतं, पण तेव्हा निदान बचतीचं कारण तरी सांगता यायचं.

मग आज रस्त्यावरून जाणाऱ्या महागड्या, धडधाकट गाड्या पाय काढल्यावर तडतडतात त्या कशामुळे? कारण त्यांना तसं शिकवलेलं असतं. जुन्या गाडीचा खोकला नव्या गाडीत मुद्दाम बसवलेला आहे. २०१३ साली आलेली जॅग्वार एफ-टाइप या तडतडीसाठीच नावाजली गेली. जर्मन स्पोर्ट्स गाड्यांत ती आहे, ह्युंदाईच्या एन गाड्यांतही आहे. स्पोर्ट मोडचं बटण दाबलं की कॉम्प्युटर वेगळा हिशेब चालवतो. पाय काढल्यावर इंजेक्टर पूर्ण बंद न करता थोडं पेट्रोल सोडत राहतो, थ्रॉटल जराशी उघडी ठेवतो आणि मुख्य म्हणजे टायमिंग मागे ओढतो. ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी नाही, पिस्टन खाली निघाल्यावर पडते. जळायला सुरुवातच उशिरा, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आग निम्मी शिल्लक असते. ती तशीच नळीत शिरते आणि उरलेलं तिथे जळतं. पिस्टनला धक्का जवळजवळ मिळत नाही, म्हणून गाडी पुढे उसळत नाही. ताकद आवाजात खर्च होते.

हा आवाज एकसलग गडगडाट का होत नाही, तुकड्यातुकड्यात का येतो, हा प्रश्न मला फार आवडतो. पेट्रोलची वाफ हवेत पेट घेते ती एका अरुंद पट्ट्यातच. आकारमानाने हवेत साधारण १.४ टक्क्यांहून कमी वाफ असेल तर पेटत नाही आणि ७.६ टक्क्यांहून जास्त असेल तरीही नाही. नळीतलं मिश्रण काही एकसारखं ढवळलेलं नसतं. इथे एक दाट गठ्ठा, तिथे विरळ, मध्ये जळका वायू. जो गठ्ठा हवेत मिसळता मिसळता या पट्ट्यात येतो तो फुटतो, बाकीचे नुसते निघून जातात. कढईत मोहरी टाकली की सगळे दाणे एकदम तडतडत नाहीत, तसंच. आणि प्रत्येक गठ्ठ्याचा आकार वेगळा, नळीतली जागा वेगळी, म्हणून एक 'फट्' तर दुसरा 'ठो'.

डिझेल गाडीत ही तडतड ऐकू येत नाही. तिथे प्लगची ठिणगी नाही, हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त आणि पाय काढला की इंजेक्शन बंद. ज्यांना डिझेलमधून फटाके काढायचे असतात त्यांना मी शुभेच्छा देतो.

या हौसेचा उगम रॅलीच्या गाड्यांत आहे आणि तिथे ती हौस नव्हती. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारी पंखावजा चक्की. मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. वळणापाशी ड्रायव्हरने पाय काढला की वायूचा ओघ आटतो, चक्की मंदावते. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तरी ती पुन्हा वेग घेईपर्यंत गाडी ढिम्म. रॅलीत असा एकेक क्षण महाग. म्हणून अँटीलॅग नावाची युक्ती निघाली. पाय काढला असतानाही टायमिंग मागे ओढून, पेट्रोल आणि हवा दोन्ही एक्झॉस्टमध्ये सोडून तिथेच जाळायची, म्हणजे चक्की फिरती राहते. आवाज बंदुकीच्या फैरींसारखा, नळी लालबुंद आणि टर्बोचं आयुष्य अगदी तोकडं. रॅलीच्या संघांना ते परवडायचं, दुसरा टर्बो तयार असायचा. टोयोटाने १९९४ साली आणलेल्या सेलिका जीटी-फोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांमध्येसुद्धा या यंत्रणेच्या नळ्या बसवल्या होत्या, कारण नियमाप्रमाणे ठरावीक संख्येने तशा गाड्या विकल्याशिवाय ती रॅलीत उतरवता येत नव्हती. गिऱ्हाइकाला ती यंत्रणा बंद करूनच मिळायची.

फॉर्म्युला वनमध्ये २०११ साली हीच आग तिसऱ्याच कामाला लावली होती. एक्झॉस्टचा झोत गाडीच्या तळाच्या मागच्या कडेला सोडला की गाडी रस्त्याला चिकटून राहते. पण पाय काढला की झोत संपतो, चिकटणं संपतं आणि तेही नेमकं वळणात शिरताना, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज. म्हणून इंजिन असं बसवलं की पाय काढला तरी थ्रॉटल उघडी राहील आणि पेट्रोल नळीत जळत राहील. ब्रेक लावताना गाड्या घशात काहीतरी अडकल्यासारख्या घरघरायच्या. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रांप्रीला यावर निर्बंध आणले, इतका गदारोळ झाला की पुढच्या शर्यतीपासून ते मागे घेतले. २०१२ साठी नियमच बदलून एक्झॉस्टची जागा हलवली, तेव्हा तो विषय संपला.

रॅलीच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे नळीतला धूर स्वच्छ करणारा डबा (थोडक्यात 'कॅट'), जपायची चिंता फारशी नसते. तुमच्या-माझ्या गाडीला असते. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने कॅट निकामी होतो. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ मुलामा. न जळलेलं थोडंसं पेट्रोल आलं तर ते शांतपणे जाळून टाकणं हे त्याचं कामच आहे. पण थोडंसं. मिसिंग मारणाऱ्या किंवा फटाक्यांसाठी ट्यून केलेल्या इंजिनातून भसाभसा पेट्रोल आलं की ते सगळं या जाळीत जळतं, तापमान हजार अंशांकडे झेपावतं, मुलामा मरतो, पुढे जाळी तडकते किंवा वितळून वाटच बुजवते. कंपन्या फटाके देतात तेव्हा कॅटच्या तापमानाचा अंदाज घेत मोजून-मापून देतात. गल्लीत कॉम्प्युटरचा हिशेब बदलून घेतात त्या रिमॅपमध्ये हे भान असेलच असं नाही. मग बरेच जण आधी कॅटच काढून टाकतात. आवाज वाढतो, आणि धूरही.

बुलेटवाल्यांची युक्ती याहून साधी. कार्बोरेटरच्या बुलेटला 'इंदोरी' किंवा 'पंजाब' सायलेन्सर लावायचा, म्हणजे आवाज गिळणारं आत जवळजवळ काही नाही. चालत्या गाडीत चावी क्षणभर बंद करायची. ठिणगी थांबते, पण फिरतं इंजिन कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढतच राहतं आणि ते कोरं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठतं. चावी पुन्हा चालू केली की पहिल्याच ज्योतीने सगळं एकदम उडतं. कधी कधी सायलेन्सरही फाटतो. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, क्लासिक ३५० लाही इंजेक्शन आलं. तिथे चावी बंद केली की पेट्रोलही बंद होतं, त्यामुळे ही युक्ती पूर्वीसारखी चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार करता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे. मला त्या चकचकीत नळ्यांचं वाईट वाटत नाही. दवाखान्याच्या भिंतीला लागून रात्री अकराला तो 'ठो' ऐकला असेल तर तुम्हालाही वाटणार नाही.

ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन काढली. पूर्ण विजेवरची. तिच्यात पेट्रोल नाही, नळी नाही, सायलेन्सर नाही. तरी बटण दाबून पाय काढला की ती तडतडते, स्पीकरमधून.

तुमच्या साध्या गाडीत मात्र ही फटफट अचानक सुरू झाली असेल तर तिला हौस समजू नका. मोटरसायकल असेल तर आधी एक्झॉस्टचा सायलेन्सरपाशी आणि इंजिनाच्या हेडपाशी असलेला सांधा बघा. बऱ्याच गाड्यांत धूर कमी करायला एक्झॉस्टमध्ये थोडी ताजी हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. रेस सोडल्यावर ती हवा बंद व्हायला हवी. त्याचा रबरी पडदा किंवा बारीक पाइप फाटला असेल तर हवा चालूच राहते आणि फटफट सुरू होते. त्यानंतर प्लग, मग कार्बोरेटरचा स्क्रू. कारमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला असेल, त्यातही तो लुकलुकत असेल, तर बहुधा मिसिंग आहे आणि कॅट तापतोय. रेटून चालवू नका.

आमच्या गाडीची गॅस्केट गेली होती. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, काळं झालेलं बोट दाखवलं आणि हात पुसत म्हणाले, "बदलून टाकतो. आजींना सांगा, आता झोपा निवांत."